परदेशी शिकायला निघालात? पाट्या बघायला कोकणातच शिका

ॲडमिशन झाली होती, व्हिसा आला होता आणि निघायला सहा आठवडे उरले होते, तेव्हा बाबांनी मला एका कामासाठी बाजारात धाडलं. आमच्या आंब्याच्या शेडवर नवी पाटी लावायची होती. देवगडात पाट्या रंगवणारे पेंटरकाका मला लहानपणापासून ओळखतात. मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला आणि "काका, अशी अक्षरं हवीत," म्हणून एक चित्र दाखवलं. त्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही.

"बाय, वाचणारो खंय उभो रवतलो? रस्त्यार काय अंगणात? गाडयेत आसतलो काय चलत? ता आधी सांग. मगे अक्षर केवढा काढूचा ता मी सांगतंय."

पुढे वर्षभर ब्रिटनमध्ये ग्राफिक डिझाइन शिकले. सुट्ट्यांत अँटवर्प, हॅम्बुर्ग, पॅरिस पाहिलं, आणि प्रत्येक पाटीसमोर काकांचा हाच प्रश्न कामाला आला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडातून आता बरीच मुलं बाहेर शिकायला जातात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुम्ही डिझाइनच शिकायला जात असाल असं नाही. फार्मसी शिका, हॉटेल मॅनेजमेंट शिका. पाट्या सगळ्यांनाच वाचाव्या लागतात, आणि त्या कशा केल्या आहेत हे कळायला लागलं की परकं गाव लवकर ओळखीचं होतं.

निघण्याआधी: आपल्याच किनाऱ्यावर सराव

बहुतेकांची विमानं ऑगस्ट-सप्टेंबरमधली असतात. त्याआधीचे दोन महिने, जून आणि जुलै, मासेमारी बंद असते. ट्रॉलर आणि होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की रंगकाम निघतं. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, जे बंदर जवळ असेल तिथे एक सकाळ घालवा आणि होडीवर नाव कसं रंगवतात ते शेवटपर्यंत बघा.

मी पाहिलं ते सांगते. नाव दोन्ही बाजूंना येतं, नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाजवळ. पण आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे एका बाजूला नाव नाळेपासून सुरू होतं आणि दुसऱ्या बाजूला नाळेवर येऊन संपतं. नाळेकडे फळी वर उचललेली असते, आतही वळलेली असते. म्हणजे एका बाजूला पहिलं अक्षर अडचणीत आणि दुसऱ्या बाजूला शेवटचं. पेंटर दुसऱ्या बाजूला अक्षरांची जागा आधी खडूने आखून घेतो, नाहीतर शेवटचा काना फळीबाहेर जातो. शिरोरेषा सरळ ओढायची की फळीच्या वळणाबरोबर वर न्यायची, हा निर्णय प्रत्येक जण वेगळा घेतो. मला फळीबरोबर वर जाणारी आवडते, होडी उभी असली तरी निघाल्यासारखी दिसते. तुम्ही दहा होड्या बघा आणि तुमचं मत ठरवा. त्याच फळीवर सरकारी नोंदणी क्रमांक असतो. तो सरळ, ठळक, बिनवळणाचा. एकाच होडीवर एक अक्षर हौसेचं आणि एक तपासणीचं, दोघांचा वाचणारा वेगळा.

मग एसटी स्टँडवर जा. देवगडच्या स्टँडवर कणकवली आणि कुणकेश्वर अशा दोन्ही पाट्यांच्या गाड्या लागतात. लांबून येणारी गाडी बघा आणि अक्षरं सुटी वाचता येण्याआधीच तुम्हाला कुठली ते कळतं का, ते तपासा. मला कळतं. कुणकेश्वरला सुरुवातीलाच खाली उकार आहे, मध्ये डोक्यावर मात्रा आहे, श्व चं जोडाक्षर आहे. कणकवली सगळी एका पातळीत चालते आणि शेवटी वेलांटी घेते. शब्दाला बाहेरून एक आकार असतो आणि डोळा आधी तो पकडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, इंग्लंडच्या महामार्गावर ती पुन्हा भेटणार आहे.

कोकण रेल्वेच्या स्टेशनात फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी बघा. काळी अक्षरं, तीन ओळी, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. पहिल्या दोन ओळींची लिपी एकच आहे. मग फरक कुठे दिसतो? चिपळूण, कुडाळ अशा नावांत हिंदी ओळीत ळ राहिला आहे की त्याचा ल झाला, ते बघा. ल कुठल्या वळणाचा आहे तेही बघा. मराठी वळणाचा ल आणि श आपल्या शाळेच्या पुस्तकात असतात, पण मोबाइलमध्ये आणि फ्लेक्सवर बहुतेकदा हिंदी वळणाचे येतात. राज्य सरकारने २००९ मध्ये मराठी वर्णमालेबद्दलचा निर्णय काढला, त्यात मराठी वळणाचे ल आणि श ठरवून दिले आहेत. तसाच आपला खास आडवा र. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. एका रफारात आणि एका आडव्या र मध्ये समुद्राचा डोंगर होतो. ज्या फॉन्टमध्ये हा र नीट नाही, तो मराठीसाठी पूर्ण नाही.

रायगडकडचे असाल तर अलिबागजवळ आक्षीला जाऊन या. तिथला शिलालेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा, आणि मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. डोक्यावरच्या उन्हात कोरीव अक्षर सपाट दिसतं, तिरप्या उजेडात प्रत्येक घाव उठून येतो. रेवदंड्याच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचं कोरीव कामही आहे, त्यालाही हीच वेळ.

सोबत काय घ्यायचं

बिनरेघांची खिशात मावणारी वही, दोन बी पेन्सिल, शिंप्याची गुंडाळायची टेप. बस. कॅमेरा मोबाइलमध्ये आहेच.

पहिले पंधरा दिवस: एकच रस्ता, आणि हाताने

इथे मी चूक केली, ती तुम्ही करू नका. पहिल्या तीन महिन्यांत मी हजारो फोटो काढले. दिसेल ती पाटी, दिसेल तो दरवाजा. मग वर्गात एका पाटीबद्दल बोलत होते तेव्हा मॅडमनी विचारलं, हे अक्षर किती उंच होतं? किती लांबून वाचता येत होतं? खाली खोदलेलं होतं की वर उठलेलं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. फोटोत दारावरचा नंबर आणि इमारतीवरचं नाव सारख्याच आकाराचे दिसतात.

त्यानंतर मी पद्धत बदलली. घरापासून कॉलेजपर्यंतचा एकच रस्ता धरायचा. रोज त्यातली एक पाटी. तिच्यासमोर उभं राहून एकच अक्षर वहीत काढायचं, निदान तळहाताएवढं. अक्षर काढताना हात अडतो तिथे डोळ्यांनी नीट पाहिलेलं नसतं. मग हात पोचत असेल तर टेप लावून उंची मोजायची. मागे चालत जायचं, पावलं मोजत, शब्द वाचता येईनासा होईपर्यंत. तो आकडाही वहीत. खाली चार गोष्टी: वाचणारा कुठे आहे, किती घाईत आहे, उजेड कसला, अक्षर कशाने केलं. ब्रश, छिन्नी, साचा, कापलेला पत्रा की छपाई. फोटो सगळ्यात शेवटी काढा, आणि एक जवळून, एक पूर्ण रस्त्यासकट असे दोनच.

दुकानाच्या आत, विमानतळाच्या तपासणीत, बँकेत विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. वही काढली तर मात्र लोक आपणहून बोलायला येतात. एका लोहाराच्या जुन्या दुकानाची पाटी मी काढत होते, आतले आजोबा बाहेर आले आणि ती त्यांच्या वडिलांनी कुणाकडून रंगवून घेतली होती ते उभ्याउभ्या सांगत बसले.

रस्ते आणि रेल्वे: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ब्रिटनमध्ये असाल तर पहिलं काम म्हणजे रस्त्यावरच्या दिशादर्शक पाट्या. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथे मोटरवे सुरू झाले आणि वेगात वाचता येतील अशा पाट्यांची गरज पडली. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी ते काम केलं. आधी मोटरवेसाठी आणि मग सगळ्या रस्त्यांसाठी. नवी पद्धत १ जानेवारी १९६५ पासून लागू झाली. त्यांनी गावांची नावं सगळी मोठ्या लिपीत लिहायचं सोडलं. पहिलं अक्षर मोठं, बाकी छोटी लिपी. कारण छोट्या लिपीत काही अक्षरांचे दांडे वर जातात, काहींच्या शेपट्या खाली येतात आणि शब्दाला आकार मिळतो. सगळी मोठी अक्षरं म्हणजे सरळ पट्टी. कुणकेश्वरच्या गाडीची आठवण ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. आपल्या लिपीत मोठी-छोटी असा भेद नाही, तरी मात्रा, वेलांटी आणि उकार तेच काम करतात. म्हणून आपल्याकडे पाटीवर मात्रा आखूड केल्या किंवा ओळी एकमेकींत घुसवल्या की वाचनच मंदावतं.

त्याच पाट्यांमधल्या छोट्या एलच्या पायाला वळण आहे. तो मोठ्या आयसारखा किंवा १ या आकड्यासारखा दिसू नये म्हणून. आपल्याकडे हीच अडचण घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची. जुन्या ख चीही गंमत माहीत असेल. र आणि व शेजारी ठेवल्यासारखा तो दिसायचा, म्हणून त्याचे पाय खाली जोडले. घर आणि धर यात फरक फक्त वरच्या गाठीचा आणि शिरोरेषेतल्या फटीचा. ती फट शाईने भरली किंवा रंग फुगला तर शब्द बदलला. आता गावातल्या फ्लेक्सकडे या नजरेने बघा.

पाट्यांचे रंगही पाठ करून टाका, प्रवासात उपयोगी पडतात: मोटरवे निळा, मुख्य रस्ता हिरवा, स्थानिक रस्ता पांढरा. शाळेजवळच्या त्रिकोणात मुलगी छोट्या मुलाचा हात धरून नेताना दिसते. कॅल्व्हर्ट यांनी ती मुलगी स्वतःच्या लहानपणावरून काढली आहे. आधीच्या चिन्हात मुलगा पुढे होता.

वेल्समध्ये गेलात तर रस्त्यावर रंगवलेली अक्षरं बघा. तिथे इंग्रजीबरोबर वेल्श शब्दही येतो, अराफ, म्हणजे हळू. ड्रायव्हर ती अक्षरं अगदी सपाट कोनातून बघतो, म्हणून ती माणसाएवढी किंवा त्याहूनही लांब ओढलेली असतात. फुटपाथवरून बघाल तर बेढब वाटतील, गाडीतून बरोबर दिसतील. आपल्या घाटांत डांबरावर देवनागरी रंगवलेली दिसली की तिथेही हेच तपासा: शिरोरेषा आडवी, ड्रायव्हरपासून लांबच्या टोकाला. ती जाड केली नाही तर सपाट कोनातून ती दिसतच नाही.

लंडनची भुयारी रेल्वे. तिचं अक्षर एडवर्ड जॉन्स्टन यांनी केलं, १९१६ पासून ते वापरात आहे आणि त्याची सुधारलेली रूपं आजही चालतात. छोट्या आय आणि जे वरचा ठिपका बघा. गोल नाही, चौकटच्या पत्त्यासारखा तिरपा आहे. जॉन्स्टन मूळचे सुलेखनकार, चपट्या टोकाच्या लेखणीने लिहिणारे, आणि चपटी लेखणी कागदावर नुसती टेकवली की ठिपका असाच पडतो. आपणही शाळेत अनुस्वाराचा ठिपका बोरूने असाच टेकवलाय. फरक कटाईत आहे. रोमन लेखणीचं टोक ज्या तिरकेपणाने धरतात त्याच्या उलट आपल्या बोरूचा काप असतो, त्यामुळे जाड आणि बारीक रेघांच्या जागा उलटतात. एकदा दोन्ही लेखण्या हातात घेऊन रोमन ओ आणि आपला ठ शेजारी काढून बघा. दहा मिनिटांत जे कळेल ते एका पुस्तकातही कळायचं नाही.

लंडनमधल्याच साउथॉल स्टेशनच्या फलाटावर इंग्रजी नावाखाली गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत नाव आहे, आणि व्हाइटचॅपलला २०२२ पासून बंगालीत. मी साउथॉलला उतरले तेव्हा परक्या पाट्यांच्या त्या रांगेत वरच्या रेघेला लटकलेली अक्षरं अचानक समोर आली. वाचता येत नव्हती, पण घरची होती. तेव्हा पहिल्यांदा नीट जाणवलं की रोमन अक्षर जमिनीवर उभं राहतं आणि आपलं दोरीवरच्या कपड्यांसारखं वरून लटकतं. दोन लिप्या एका पाटीवर बसवताना सगळी मारामारी इथेच असते. रोमनची खालची रेघ धरायची की आपली वरची? दोन्ही एकाच मापात टाइप केल्या की आपली ओळ किरकोळ दिसते, कारण मात्रा-उकारांची जागा सोडून मधल्या अक्षराला उंची कमी उरते. देवनागरी थोडी मोठी घ्यावी लागते आणि ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते.

आयर्लंडमध्ये रस्त्याच्या पाटीवर आयरिश नाव तिरप्या अक्षरांत वर आणि इंग्रजी नाव खाली मोठ्या लिपीत असतं. एकच लिपी, दोन भाषा, फरक नुसत्या वळणाने दाखवलेला. आपल्या स्टेशनच्या मराठी-हिंदी ओळींसाठी असं काही करता येईल का, यावर मी वहीची दोन पानं भरली आहेत, उत्तर अजून मिळालेलं नाही.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

एकचा आकडा तिथे हाताने लिहिताना लांब शेंडी काढून लिहितात, तो आपल्याला सात वाटतो. त्यांचा सात मधोमध आडवी रेघ मारलेला असतो. भाड्याच्या चिठ्ठीत, बाजारातल्या भावाच्या पाटीवर हे आधी शिकून घ्या. लाल रंगातला जुन्या वळणाचा मोठा ए दिसला की ते औषधांचं दुकान.

ते जुनं वळण म्हणजे फ्राक्टूर. जुन्या खाणावळींवर, चर्चमध्ये, थडग्यांवर दिसेल. १९४१ मध्ये सरकारी आदेशाने ते आणि हाताने लिहायचं जुनं वळणही बाजूला पडलं आणि आज तिथल्या तरुणांना पणजोबांची पत्रं, जुनी पुस्तकं अडखळत वाचावी लागतात. माझ्या जर्मन मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मला आमच्या माळ्यावरची ट्रंक आठवली. पणजोबांच्या जमिनीचे कागद मोडी लिपीत आहेत आणि घरात ते वाचणारं कुणी नाही.

गाड्यांच्या नंबरपाट्याही निरखा. तिथलं अक्षर मुद्दाम ओबडधोबड आहे. पी ला रंगाची एक रेघ जोडून आर करता येऊ नये, तीनचा आठ करता येऊ नये, अशा बेताने प्रत्येक आकार वेगळा वाकवला आहे. नव्या पाट्यांना ते २००० पासून सक्तीचं आहे. पहिल्यांदा बघताना मला ते विसंगत वाटलं होतं. कारण कळल्यावर फार आवडलं.

हॅम्बुर्गच्या गोणी आणि आमचा मार्का

हॅम्बुर्गला श्पायखरश्टाट म्हणून जुन्या गोदामांची वस्ती आहे, लाल विटांची, पाण्याच्या कालव्यांवर उभी. २०१५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या छोट्या संग्रहालयात कॉफीच्या गोणी बघितल्या आणि मी तिथेच बसले. गोणींवर स्टेन्सिलने मारलेली अक्षरं होती.

आमच्या घरात प्रत्येक बागायतदाराप्रमाणे बाबांचा स्वतःचा मार्का आहे. पत्र्यात कापलेला. लाकडी पेटीवर पत्रा धरायचा आणि ब्रशने रंग थोपटायचा. वाशीच्या मार्केटात पेट्यांच्या थप्पीतून आपला माल त्यावरून ओळखतात. आता पुठ्ठ्याचे छापील बॉक्स आले, तरी पत्रा अजून खिळ्याला टांगलेला असतो. लहानपणापासून मी तो पाहत आले, पण त्यातली शिरोरेषा जागोजागी तुटलेली का, हे मला हॅम्बुर्गमध्ये कळलं.

पत्र्यातून अक्षर कापलं की ज्या अक्षराचं पोट चारी बाजूंनी बंद आहे त्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो. रोमनमध्ये ओ, ए, बी, डी, पी, आर यांचं असं होतं. त्यांना प्रत्येकाला स्वतंत्र पूल, म्हणजे आतला तुकडा धरून ठेवणारी न कापलेली पट्टी, सोडावा लागतो, म्हणून त्या गोणींवरचा ओ उभा चिरलेला होता. आता "देवगड हापूस" घ्या. यात व, प आणि स यांची पोटं बंद आहेत. प आणि स यांची वरची बाजू शिरोरेषेनेच बंद केलेली असते. तेव्हा पोटाच्या बरोबर वर शिरोरेषेत फट ठेवली की आतला तुकडा वरच्या पत्र्याला धरून राहतो. वेगळा पूल लागतच नाही. व चं तसं नाही. त्याचं पोट दांड्याला चिकटून स्वतःच मिटलेलं आहे, शिरोरेषेला लागत नाही. त्याला गोलाईतच फट द्यावी लागते. बाबांच्या पत्र्यात ती अगदी दांड्याच्या कडेला होती, तिथे पत्रा अरुंद असल्याने वाकून गेला होता आणि म्हणून आमच्या पेट्यांवरचा व नेहमी बरबटलेला यायचा.

हे सगळं मी गोणीसमोर बसून वहीत काढत होते. तुमच्या घरात जे काम चालतं त्यातलं अक्षर शोधा. जाळ्यांचा व्यवसाय असेल, काजूचा कारखाना असेल, घरगुती खानावळ असेल, त्याचा जोडीदार बाहेर कुठेतरी भेटतोच, आणि तो भेटला की जी तुलना होते ती कुठल्याही प्रसिद्ध इमारतीपेक्षा जास्त शिकवते.

संग्रहालयं: निवडक आणि शक्यतो फुकट

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम फुकट आहे. तिथल्या कास्ट कोर्ट्समध्ये रोमच्या ट्राजन स्तंभाची प्लास्टरमधली प्रतिकृती दोन तुकड्यांत उभी आहे. मूळ स्तंभ इसवी सन ११३ चा, आणि त्याच्या पायथ्याच्या लेखातली मोठी अक्षरं आजच्या रोमन कॅपिटलचा आदर्श मानली जातात. तिथे आक्षीचा सराव कामी येतो: रेघेचं टोक कसं संपतं, छिन्नी कुठे थांबली, ते बघा. ब्रिटिश लायब्ररीतलं मौल्यवान ग्रंथांचं दालनही फुकट आहे.

पैसे साठवून एकाच ठिकाणी जायचं असेल तर बेल्जियममधल्या अँटवर्पचं प्लांटिन-मोरेटस संग्रहालय. जुना छापखाना जसाच्या तसा, सोळाव्या शतकातले पंच म्हणजे अक्षर कोरलेले पोलादी ठसे, मातृका म्हणजे त्यांवरून केलेले साचे, सन १६००च्या आसपासची छापयंत्रं. पोलादाच्या टोकावर उलटं कोरलेलं इवलंसं अक्षर तिथे बघताना मला निर्णयसागरची आठवण झाली. जावजी दादाजींच्या त्या छापखान्यासाठी मुंबईत राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे असेच पंच कोरले आणि त्यांवरून ओतलेल्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवर, पिढ्यानपिढ्या पोथ्या आणि पंचांगं छापली गेली. रोमनचे खिळे दोन पेट्यांत मावायचे, वरच्या पेटीत मोठी लिपी, खालच्या पेटीत छोटी. इंग्रजीत त्यांची नावंही त्यावरूनच पडली. आपल्या जोडाक्षरांना आणि मात्रांना शेकडो खिळे लागत. तुमच्या कॉलेजात जुना छापखाना असेल आणि खिळे जुळवायला देत असतील, तर दुसरं काहीही सोडा पण ते चुकवू नका.

रेडिंग विद्यापीठाच्या टायपोग्राफी विभागात भारतीय लिप्यांच्या टाइपची मूळ रेखाटनं जपलेली आहेत. आधी लिहून वेळ मागा. संगणकावर वर्षानुवर्षं दिसणारा मंगल हा फॉन्ट आपल्या र. कृ. जोशी यांनी केलेला, हे तिथे बोलताना माहीत असलेलं बरं.

परत आल्यावर

रोमनची एक सवय विमानातच सोडून या. बाहेर शब्दातली अक्षरं एकमेकांपासून लांब ठेवून डौल आणतात. इथे येऊन संगणकावर तेच केलं की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द मोडतो. आमच्या भागातल्या एका नव्या दवाखान्याच्या बोर्डवर हे झालं आहे. म्हातारी माणसं दारात उभी राहून डॉक्टरांचं नाव जुळवत बसतात. जागा हवी असेल तर दोन शब्दांमध्ये द्या, दोन ओळींमध्ये द्या. आणि कुठलाही बोर्ड छापायला देण्याआधी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना र्‍हस्व-दीर्घ, आडवा र आणि जोडाक्षरं कागदावर वाचून घ्या.

गेल्या हंगामाच्या आधी बाबांचा पत्रा गंजून फाटला आणि नवा मी कापला. व ची फट दांड्याच्या कडेवरून काढून गोलाईच्या खालच्या बाजूला घेतली, तिथे पूल दोन सूत रुंद ठेवता येतो. शिरोरेषेतल्या फटीही तेवढ्याच ठेवल्या, म्हणजे तुटलेपण सगळीकडे सारखं दिसतं. तुम्ही कापणार असाल तर आधी जाड पुठ्ठ्यावर कापून बघा. रंग दाट घ्या, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा, ओढू नका, उभा धरून थोपटा. पहिले दोन-तीन मार्के रद्दी पेपरवर मारा, आणि दर पंधरा-वीस पेट्यांनंतर पत्र्याची मागची बाजू रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या.